माझ्या ऑटिस्टिक मुलाची चित्रकला चांगली आहे. क्लासला घालू का? चित्रांमुळे लोक त्याला आपलं मानतील का?

क्लासचं नंतर सांगते. ते 'आपलं मानतील का' वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा १४ वर्षांचा, आम्ही घणसोलीला राहतो. तो एकच चित्र काढतो: ठाणे-वाशी लोकलचा मार्ग, एकेक स्टेशन, इंडिकेटरसकट. जानेवारी २०२४ मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन सुरू झालं आणि आमच्याकडे तीन दिवस रडारड. जुनी सगळी चित्रं 'चुकली' ना! शेवटी प्रत्येक कागद ठाण्यापाशी कापला, मधे पट्टी चिकटवली, दिघा घातलं. डिंक लावायला मी.

त्यातलं एक चित्र सोसायटीच्या गणपतीत मांडवात लागलं. लोकांनी फोटो काढले. सेक्रेटरींनी तर फ्रेम करून ऑफिसात टांगलं. नवरात्र उजाडायच्या आत त्यांनीच मला बोलावलं, त्याच फ्रेमखाली खुर्ची दिली आणि म्हणाले, "वहिनी, सकाळी आठ ते नऊ त्याला जिन्याने न्याल का? लिफ्टमध्ये हात फडफडवतो, आवाज काढतो, लहान मुलं घाबरतात." आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो.

नणंदेचं पालुपद अजून तेच: प्रदर्शन भरव, लोकांना कळू दे किती हुशार आहे, देव एक काढून घेतो तर दुसरं देतो. अहो वन्सं, बहुतेक ऑटिस्टिक मुलांच्या हातात असलं काही नसतं. त्यांनी मग जिन्यानेच जायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आहे. आधी चित्र दाखवा, मग हक्क घ्या, असं त्यात कुठेही नाही. सेक्रेटरींनाही हेच तोंडावर सांगितलं. लिफ्टनेच जातो.

क्लासला घाला, पण मुलाने डोंगर-सूर्य काढला नाही तर काय कराल, हे सरांना आधी विचारा. आमच्या पहिल्या सरांनी रूळ खोडून तिथे नारळाचं झाड काढून दिलं. पोरगं नंतर त्या गल्लीतसुद्धा पाऊल टाकेना. आताच्या बाई नुसत्या शेजारी बसतात, पेन्सिलींना टोक करून देतात. पुरे आहे.

माझा बोलतो, तुमचा बोलत नसेल तर यातलं निम्मं लागू नाही. आणि शेजारी सगळेच तसे नाहीत हो. सातव्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये त्याच्यासमोर स्टेशनं म्हणतात, मुद्दाम दिघा गाळतात आणि रोज ओरडा खातात.