नाताळातलं रिसॉर्ट ईएमआयवर घेऊ की फेब्रुवारीत पाळोळेला जाऊ?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गोव्यात डिचोलीत राहून समुद्र फक्त संध्याकाळपुरता बघितलाय, एकदा तरी तुम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई अशा पाचजणांनी किनाऱ्यावर मुक्काम करायचाय. नाताळच्या आठवड्यात कळंगुटला ३ रात्री, २ खोल्या, सोबत नाश्ता असं पॅकेज ६२,००० ला मिळतंय, कार्डवर ६ महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय आहे, तर घेऊ का?

जा, नक्की जा. पण हे पॅकेज नको.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली बारीक अक्षरात 'टॅक्स वेगळा' लिहिलंय, ते बघा. ६२,००० म्हणजे एका खोलीचे एका रात्रीचे १०,३३३ पडतात आणि भाडं ७,५०० च्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, म्हणजे अजून ११,१६०. झाले ७३,१६०, हप्ता १२,२०० च्या आसपास. तुमच्या दोघांच्या पगाराचे ५८,००० हातात येतात, त्यातून घराचा हप्ता १७,००० आणि घरखर्च ३०,००० गेला की उरतात ११,०००. म्हणजे सहा महिने दर महिन्याला कमीच पडणार, आणि त्यात जेवण, पेट्रोल धरलेलंच नाही! नो-कॉस्ट म्हटलं तरी व्याजावरचा जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी आपल्याच माथी येते, आणि एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही तर महिन्याला ३ टक्क्यांच्या वर व्याज लागू शकतं.

९०,००० ची एफडी मोडायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. घरखर्च आणि हप्ता धरून तुम्हाला महिन्याला ४७,००० लागतात, म्हणजे ती एफडी दोन महिनेही धड पुरत नाही, आणि सासूबाईंचं वय बघता ती तशीच राहायला हवी.

मी काय करेन सांगते. गणेश चवथीचा खर्च आता आटोपलाय, तर ऑक्टोबर ते जानेवारी दर पगाराला ५,५०० वेगळ्या आरडीत टाका, २२,००० होतील, आणि फेब्रुवारीत मधल्या वारी दोन रात्री दक्षिण गोव्यातल्या पाळोळे किनाऱ्यावर जा, फक्त कार्निव्हालचे चार दिवस टाळा कारण तेव्हा भाव परत चढतात. पाळोळेच का, तर अर्धगोल किनारा आहे, पाणी बऱ्यापैकी शांत, मुलांना बरं, जवळच्याच आगोंदचा समुद्र मला मुलांसाठी तितकासा पटत नाही. समोरच्या रांगेतल्या झोपड्या महाग असतात, मागच्या रस्त्यावरच्या गेस्ट हाऊसमध्ये विचारा, खोलीला रात्रीचे २,२०० च्या आत बसवायचं. दोन खोल्या दोन रात्री ८,८००, जीएसटी इथे ५ टक्केच, ४४०. जेवणाला ८,००० ठेवा, गाडी तुमचीच आहे तर पेट्रोल २,०००, होडीची फेरी २,०००. बेरीज २१,२४०.

जेवणात मात्र कंजुषी नको, फक्त जागा बदला. दुपारी किनाऱ्यावर न खाता जवळच्या चावडी गावच्या बाजारात या, तिथल्या साध्या खानावळीत शीत (भात), हुमण (मासळीची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तळलेला बांगडा आणि सोलकढी असं ताट पोटभर मिळतं, आणि ताज्या मासळीला शॅकमधल्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलातल्या, 'टुरिस्ट' भावाची गरज नसते. मग एक रात्र खुशाल शॅकमध्ये बसा, मुलांना वाळूत पाय ठेवून जेवायचंय ना, ८,००० त्याच्यासाठीच धरलेत. सासूबाईंचा सोमवार शिवराक (शाकाहारी) असतो असं लिहिलंय, तर त्या दिवशी पर्तगाळीच्या मठात दर्शनाला जा, तळपण नदीकाठी शांत जागा आहे, त्यांना समुद्रापेक्षा तेच जास्त आवडेल असं मला वाटतं.

बुकिंग करताना आधी गेस्ट हाऊसला थेट फोन करा, अ‍ॅपवरचा भाव सांगून त्यापेक्षा कमी होतं का विचारा. अ‍ॅडव्हान्स एका रात्रीचाच द्या, आणि तारीख बदलली तर पैसे परत की नाही ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, कारण मुलांच्या परीक्षेचं वेळापत्रक तुमच्या हातात अजून आलेलं नाही.