संघटनेत तेच चार जण राबतात, नवे पुढे येत नाहीत, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत सिव्हिल इंजिनियरांची संघटना आहे, सभासद 180, पण सहा वर्षं अध्यक्ष, सचिव, खजिनदार तेच आहेत. कोणालाही विचारलं की 'वेळ नाही' असं उत्तर येतं. मग नवी फळी तयार करायची कशी?

स्लॅबचं काम असलं की रात्री अकरापर्यंत साइटवर उभा राहणारा माणूस कामाला घाबरत नाही. 'वेळ नाही' म्हणताना त्याच्या मनात असतं की हे काम केवढं आहे ते कळत नाही, आणि एकदा अडकलो की सुटका नाही. एकच सचिव सहा वर्षं राबताना त्यानं पाहिलाय, त्यामुळे हे वाटणं रास्तच आहे. पदासाठी माणूस शोधत फिरलात तर नकारच मिळतील. आधी पदाचे तुकडे करा, ते काम म्हणून वाटा, आणि ज्यानं काम पार पाडलं त्याला पुढे पद द्या. बाकी सगळं यातूनच येतं.

सध्याच्या सचिवांबरोबर दोन तास बसा आणि वर्षभरात त्यांनी काय काय केलं ते कागदावर उतरवा. बारा-पंधरा कामं सहज निघतील. सभेची नोटीस आणि इतिवृत्त, वर्गणी, सभासद यादी, बांधकाम परवानगीच्या अडचणींचा महापालिकेतला पाठपुरावा, युडीसीपीआर म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीवरची व्याख्यानं, सिमेंट-स्टीलवाल्यांकडून प्रायोजकत्व, 15 सप्टेंबरचा अभियंता दिन, ऑडिट, धर्मादाय कार्यालयाचे कागद. प्रत्येक कामापुढे त्याला लागणारे तास लिहा. इतिवृत्ताला महिन्याला दोन तास पुरतात. अभियंता दिनाला सहा आठवडे, आठवड्याला चार-पाच तास लागतात. ही यादी समोर आली की सचिव एकटे का थकतात तेही कळतं, आणि कोणतं काम कोणाच्या हातात बसेल तेही.

मग प्रत्येक कामाचं अर्ध्या पानाचं पत्रक करा. उदाहरणार्थ: 'जुलैच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी 5 ते 6.30, पार्किंगच्या नियमांवर व्याख्यान. वक्ता ठरवणे, हॉल घेणे, सभासदांना दोनदा निरोप देणे. 5,000 रुपयांपर्यंतचा खर्च कोणालाही न विचारता करावा, बिलं सात दिवसांत खजिनदारांकडे द्यावीत. व्याख्यानात आलेल्या प्रश्नांची यादी समितीला दिली की काम संपलं.' शेवटचं वाक्य गाळू नका. काम कुठे संपतं ते लिहिलेलं नसेल तर माणूस सुरूच करत नाही. खर्चाच्या मर्यादेचंही तसंच आहे. चहाच्या बिलाला दोन सह्या लागत असतील, तर जबाबदारी दिली असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात फक्त धावपळ दिलेली असते.

विचारायचं कसं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'इच्छुकांनी नावे कळवावीत' टाकलं तर अंगठे येतात, माणसं येत नाहीत. समोरासमोर भेटा, निदान फोन तरी करा, आणि त्याच माणसाला का विचारताय ते सांगा: 'मागच्या वेळी सामासिक अंतराचा (इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेचा) मुद्दा तुम्हीच काढला होता, त्यावरचं पुढचं सत्र तुम्ही घ्या.' दोन दिवस विचार करू द्या. नकार आला तर तो मनापासून स्वीकारा आणि 'परत कधी विचारू?' एवढंच विचारा. नजर ठेवायची ती व्याख्यानानंतर थांबून प्रश्न विचारणाऱ्यांवर, ग्रुपवर दुसऱ्याच्या अडचणीला नीट उत्तर देणाऱ्यांवर. सतत तक्रार करणाऱ्यालाही वगळू नका. तो ज्याबद्दल बोलतो त्याच विषयाचं छोटं काम त्याला द्या. त्याची कळकळ खरी असेल तर ते काम होतं.

विचारण्याची वेळ चुकली तर चांगला माणूसही हातचा जातो. मार्चला सरकारी बिलांची घाई असते, मेअखेरपर्यंत पावसाआधी स्लॅब उरकायचे असतात. या काळात कोणालाही विचारू नका. जून-जुलैत साइट मंदावतात, तेव्हा विचारा. याच दिवसांत सांगलीत संघटनेची खरी गरजही असते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पूर ओसरल्यावर घरात परत जायचं की नाही हा प्रश्न घेऊन लोक इंजिनियरकडेच येतात. म्हणून मेअखेरीस भागवार याद्या तयार ठेवा: कोण कुठे राहतो, कोणाकडे गाडी आहे, कोणाला जुन्या दगड-मातीच्या बांधकामाचा अनुभव आहे. दोघादोघांची जोडी करा, एक अनुभवी आणि एक नवा. पाहणीचा फॉर्म एका पानाचा असू द्या: भेगा, पाया खचणं, भिंतीचा फुगवटा, ओल. 'ही फक्त डोळ्यांनी केलेली प्राथमिक पाहणी आहे' असं त्यावर छापा, म्हणजे नव्या पोराच्या सहीवर उद्या भलती जबाबदारी येणार नाही. एरवी समितीचं नाव काढलं की मागे सरकणारी माणसं अशा कामात पुढे येतात, आणि कोण शांतपणे माणसं सांभाळतो ते तिथेच दिसतं.

माणूस तयार करायचा तर कामं चढत्या क्रमानं द्या. आधी तीन-चार तासांचं एकच काम, मग दोघांनी मिळून सहा आठवड्यांचं, मग वर्षभराचं संयोजकपद, त्यानंतर समिती आणि सहसचिवपद. साधारण तीन वर्षं लागतात. घाईनं थेट सचिव केलेला तरुण बहुधा वर्षभरात गप्प होतो. मध्येच काम अडकलं तर ते काढून घेऊन स्वतः करू नका. जुन्या पदाधिकाऱ्यांची ही सवय, आणि तीही चांगल्या हेतूनं, संघटनेचं सर्वांत मोठं नुकसान करते. एकदा काम काढून घेतलं की तो माणूस परत येत नाही आणि पाहणारे दहा जण धडा घेतात. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं फोन करा, नेमका कोणता तुकडा अडलाय ते विचारा आणि तेवढ्यालाच हात लावा.

सभेचं ठिकाण आणि वेळही बघा. जत, आटपाडीच्या सभासदाला संध्याकाळी सातला सांगलीत बोलावणं म्हणजे त्याला येऊ नको म्हणण्यासारखंच आहे. तीनातली एक सभा विट्याला किंवा ईश्वरपूरला (पूर्वीचं इस्लामपूर) घ्या, बाकी ऑनलाइन जोडून घ्या, आणि कामासाठी येणाऱ्याला पेट्रोलचा खर्च द्या. रात्री हॉटेलात जेवणाबरोबर होणाऱ्या सभांना महिला इंजिनियर येत नाहीत, मग 'महिला पुढे येत नाहीत' अशी खंत व्यक्त होते. वेळ बदलली तर हा प्रश्न बराचसा सुटतो. वालचंद महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी पहिली दोन वर्षं नाममात्र वर्गणी ठेवा.

माजी अध्यक्षांचं सल्लागार मंडळ करा, त्याची बैठक वर्षातून दोनदा घ्या. मासिक सभेत त्यांनी बसू नये, कारण ते समोर असले की नवा अध्यक्ष प्रत्येक निर्णयाआधी त्यांच्याकडे बघतो. कार्यक्रमातले शाल-नारळ दहा मिनिटांत आटपा. त्याऐवजी ज्यानं काम केलं त्याचं नाव आणि त्यानं नेमकं काय केलं हे व्यासपीठावरून सांगा.

कार्यकाळ दोन वर्षांचा आणि सलग दोनच वेळा, हे नियमावलीत आणा. अकरा जणांच्या समितीत एका वर्षी पाच आणि पुढच्या वर्षी सहा जागा रिकाम्या होतील अशी रचना करा, म्हणजे सगळी जाणकार माणसं एकदम जाणार नाहीत. सर्वसाधारण सभेच्या चार महिने आधी, स्वतः उभं न राहणाऱ्या तिघांकडे नावं सुचवण्याचं काम द्या. आदल्या रात्री ठरवलेली बिनविरोध निवड दिसायला छान असते, पण ती बहुतेक वेळा जुन्यांचीच असते.

नव्यांना सर्वांत जास्त भीती कागदांची वाटते, आणि ती खोटी नाही. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली नोंदलेली संघटना महाराष्ट्रात सहसा सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंदलेली असते. समिती बदलली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 22 नुसार 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो. मागच्या दोन समित्यांचे रिपोर्ट पडून असतील तर नव्यांच्या सह्या बँकेत अडकतात आणि मागच्यांची चूक त्यांच्या गळ्यात येते. म्हणून सभेची नोटीस, ती पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव आणि नव्यांची संमतीपत्रं त्याच संध्याकाळी एका फाइलमध्ये लावा. जुने रिपोर्ट मार्गी लावण्याचं काम जुन्या समितीनं पायउतार होण्याआधी करावं, नव्यांवर टाकू नये.

हस्तांतरणाला दोन महिने ठेवा. पासबुक, पॅन, इतिवृत्त, शिक्के, सभासद यादी, हॉलवाल्या-मंडपवाल्यांचे नंबर हे सगळं यादी करून, सही घेऊन द्या. एक गोष्ट तर आजच करा: संघटनेच्या नावानं वेगळा ईमेल आणि वेगळं सिमकार्ड घ्या, आणि बँक, आयकर पोर्टल सगळीकडे तेच नोंदवा. नाहीतर ओटीपी माजी अध्यक्षांच्या फोनवर जात राहतो आणि नवा खजिनदार प्रत्येक वेळी त्यांना फोन लावत बसतो.