फॉर्ममधील यादी आपले रंग का घेत नाही?

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मी नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म तयार करीत आहे. त्यात पिकाची निवड, पेरणीची तारीख आणि सातबाऱ्याची प्रत जोडण्याची सोय आहे. कापूस, तूर, सोयाबीन अशा पिकांच्या यादीला मी सीएसएसने (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेने) हिरवा रंग आणि वेगळा फॉन्ट दिला. परंतु गावातील अँड्रॉइड फोनवर ती साधीच उघडते. माझे काय चुकते?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आपले काही चुकलेले नाही. सिलेक्टची, म्हणजे पर्याय निवडण्याच्या यादीच्या घटकाची, बंद चौकट पानाचा भाग असते. तिला रंग, कडा, फॉन्ट सारे देता येते आणि ‘अपिअरन्स : नन’ लिहिल्यास तिचा मूळ बाणही जातो. (फॉर्मचे घटक पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत, म्हणून ‘फॉन्ट : इनहेरिट’ अवश्य लिहावे.) उघडणारी यादी मात्र फोनवर ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या पद्धतीने दाखवतात, तेथे आपली सीएसएस पोहोचत नाही. क्रोमने २०२५ मध्ये ‘अपिअरन्स : बेस-सिलेक्ट’ आणून ही यादीही सजवण्याची वाट मोकळी केली; परंतु गावात जुने फोन वापरात असणारच, तेव्हा त्याशिवायही फॉर्म नीट चालेल असेच पाहावे.

सिलेक्ट काढून डिव्ह (साधी रिकामी चौकट) आणि जावास्क्रिप्ट (पानाला हालचाल देणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) यांची यादी रचण्याचा मोह आपल्याला होईल. माझ्या मते तो टाळावा, कारण फोनची स्वतःची यादी बोटाने सहज सरकते, दृष्टिहीनांना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला ती कळते आणि तिच्यासाठी वेगळी स्क्रिप्ट उतरवावी लागत नाही. हे सारे हाताने पुन्हा उभे करणे कष्टाचे असते आणि बहुधा अर्धवट राहते.

चेकबॉक्स आणि रेडिओ बटणांना सीएसएसच्या ‘अ‍ॅक्सेंट-कलर’ने हिरवा रंग देता येईल; क्रोम व फायरफॉक्समध्ये ही सोय २०२१ पासून, तर सफारीत २०२२ पासून आहे. तारखेचे उघडणारे कॅलेंडर बदलता येत नाही. दिवस आधी की महिना, हेही वापरणाऱ्याच्या भाषा-सेटिंगवर ठरते. सर्व्हरकडे मात्र तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने जाते.

सातबाऱ्यासाठीच्या फाइल बटणाला ‘फाइल-सिलेक्टर-बटन’ या स्यूडो-एलिमेंटने (घटकाच्या एखाद्या भागालाच रूप देण्याच्या सीएसएसमधील सोयीने) रूप देता येते, पण त्यावरील मजकूर ब्राउझरच्या भाषेतच राहतो. म्हणून ‘सातबाऱ्याचा फोटो निवडा’ असे ठळक लेबल द्यावे आणि ते इनपुटला, म्हणजे फाइल घेणाऱ्या त्या घटकाला, जोडावे. मूळ बटण लपवायचेच असेल, तर ‘डिस्प्ले : नन’ वापरू नये, कारण मग कीबोर्डने तेथे पोहोचता येत नाही.