गच्चीवरची बादली आणि 60 हजारांचा डिप्लोमा

मानेवाड्याहून एका आईने लिहिलंय: "मुलगी बारावी सायन्सला आहे. सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं आदित्य-एल1 यान गेल्यापासून एकच धोशा, उपग्रह अंतराळात कशाने बिघडतात तेच शिकायचं. एका क्लासने सहा महिन्यांचा 'स्पेस डिप्लोमा' सुचवलाय, फी 60 हजार. घालू का तिला?"

ताई, नका घालू. इस्रोत अभियंता म्हणून जायला पदवी लागते. असलं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावायलाच बरं.

मुलीचा प्रश्न मात्र अस्सल आहे. मे महिन्यात गच्चीवर राहिलेली प्लास्टिकची बादली जूनमध्ये हात लावताच तडकते ना? तेही हवेतून गाळून आलेल्या उन्हात. वर अंतराळात ते गाळणं नाही, उपग्रहाला कोरं ऊन लागतं. आणि आपला कूलरही तिथे कुचकामी, कारण हवाच नाही. यंत्रातली उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर पडते. पृथ्वीजवळचा उपग्रह दीड तासात एक फेरी मारतो. म्हणजे दिवसाला पंधरा-सोळा वेळा तापायचं आणि गारठायचं, त्यात सोल्डरचे, म्हणजे सर्किटमधले डाग दिलेले जोड थकतात. एखादा विद्युतभारित कण चिपमधून आरपार गेला, तर मेमरीतल्या 0 चा 1 होतो.

सौर वादळाची, म्हणजे सूर्यावरच्या उद्रेकाने उठणाऱ्या वादळाची तऱ्हा याहून वेगळी. फेब्रुवारी 2022 मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे 49 उपग्रह एकदम सोडले होते. वादळाने वरची विरळ हवा तापून फुगली, खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना तिचा अडथळा वाढला आणि जवळपास 40 परत वातावरणात येऊन जळाले. एकही यंत्र मोडलेलं नव्हतं!

तेव्हा कोर्सच्या नावात 'स्पेस' शोधत बसू नका. चिप आवडत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स, बादली का तडकते याचं कुतूहल असेल तर मटेरियल्स. दोन्ही आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात आहेत, जेईई मेनवर. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ संस्थेला जेईई अॅडव्हान्स्ड लागते. सूर्यच डोक्यात बसला असेल तर फिजिक्समध्ये बीएस्सी, एमएस्सी करून पीएचडीला नवी मुंबईची भूचुंबकत्व संस्था किंवा अहमदाबादची पीआरएल ही भौतिकीची प्रयोगशाळा. हा रस्ता लांबचा आहे, घरात आधीच बोलून घ्या.

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की तिला सीताबर्डीवर न्या. एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न घेऊन द्या आणि घरातला बंद पडलेला रेडिओ तिच्यापुढे ठेवा. दोन महिन्यांनी कळवा, तो वाजला की नाही.