इम्युनिटी ही शक्ती नव्हे, माफी

प्रश्न आलाय तो असा: 'रोगप्रतिकारशक्ती' बरोबर की 'रोगप्रतिकारक शक्ती', आणि विषाणूचा आजार होऊन गेल्यावर ती किती दिवस टिकते?

घोळ त्या 'ती'पाशीच आहे. 'माझी इम्युनिटी डाउन झालीय', 'इम्युनिटी वाढवा' हे ऐकून ऐकून कान किटले. जणू अंगात एकच टाकी बसवलीय आणि तिच्यातली पातळी तेवढी बघायची!

लॅटिनमध्ये 'मूनुस' म्हणजे अंगावर पडणारं सार्वजनिक काम किंवा देणं. ते ज्याला माफ, तो 'इम्युनिस'. रोमन सैन्यात मोजणीदार, वैद्य असे कसबी शिपाई 'इम्युनेस' असत. खणण्या-उपसण्याच्या कामातून सुटलेले. ('म्युनिसिपालिटी'ही याच मूनुसची. कर वसूल करणारी आणि करातून सोडवणारी, दोघी बहिणी.)

मग मराठीत सरळ 'माफी' का नको? 'माफ' आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. त्याच धातूतून 'आफियत', म्हणजे आरोग्य. अरबीत 'मुआफा' म्हणजे देण्यातून सुटलेला आणि दुखण्यातून बरा झालेलाही! दोन्ही अर्थ एका शब्दात आयते नांदत असताना परिभाषाकारांनी 'शक्ती' उचलली. काहीजण चरकसंहितेतलं 'व्याधिक्षमत्व' पुढे करतात, आणि 'क्षम्'मध्ये क्षमाही आहेच की, असं वर सुनावतात. असेल. पण चरकसंहितेवर टीका, म्हणजे भाष्य, लिहिणारा चक्रपाणिदत्त त्याचा अर्थ 'व्याधिबलविरोधित्व', म्हणजे रोगाच्या बळाला विरोध, असा सांगतो. विरोध म्हणजे फिरून शक्तीच. या मंडळींनी टीका उघडून तरी पाहावी.

माफी म्हटलं की पुढचं आपोआप विचारलं जातं: कशाची, आणि किती मुदतीची? गोवराची बहुधा जन्मभर. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली, तेव्हा पीटर पॅनम या डॅनिश डॉक्टरने नोंदवलं की १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता, तरी माफी शाबूत! फ्लूचा विषाणू रूप पालटतो, त्यामुळे जुनी माफी नव्या रूपाला नीट लागू पडत नाही. साध्या सर्दीचे कोरोनाविषाणू वर्षभरात पुन्हा गाठू शकतात. डेंग्यूचे चार प्रकार. झालेल्या प्रकारापासून दीर्घकाळ सुटका, उरलेल्या तिघांपासून काही महिनेच. आणि पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर ते दुखणं पहिल्यापेक्षा जड जाऊ शकतं. आता सांगा, यात 'शक्ती' वाढली की घटली?

रक्तातल्या अँटीबॉडी कमी झाल्या म्हणजे माफी रद्द, असंही नव्हे. येऊन गेलेला विषाणू ओळखून ठेवणाऱ्या स्मृतिपेशी मागे राहतात. संसर्ग दरवेळी अडवला जाईलच असं नाही, पण आजार गंभीर होण्याची शक्यता त्यांच्यामुळे कमी होते.

राहिलं शुद्धलेखन. 'रोगप्रतिकारशक्ती' जोडून, 'रोगप्रतिकारक शक्ती' तोडून. दोन्ही चालतात.