न शिवलेला कावळा आणि बाल्कनीतला नवरंग

"ताई, मी मुलुंडला राहते, बँकेत नोकरी करते. आई फेब्रुवारीत गेली. आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात ती म्हणाली, 'जरा बस ना गं.' मी म्हटलं, 'उद्या येते, गाडी चुकेल.' पहाटे भावाचा फोन आला. दहाव्याला बाणगंगेवर दीड तास कावळा शिवेना. भावांनी सगळी वचनं देऊन पाहिली, शेवटी दर्भाचा कावळा केला. मी मागे उभी होते. काय राहून गेलं ते मला एकटीला ठाऊक होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी बाल्कनीच्या काचेवर काहीतरी आपटलं. हिरवी पाठ, पंखावर निळा ठिपका, पोटाखाली लालभडक, शेपूट जवळजवळ नाहीच. मी रजा टाकली, आवाज नको म्हणून भांडीवाल्या मावशींना परत पाठवलं आणि दिवसभर त्याच्याजवळ बसले. तिन्हीसांजेला तो उडून गेला. माझी मावशी म्हणते, आई येऊन गेली. मुलगा म्हणतो, स्थलांतर करणारा पक्षी आहे, चुकून धडकला. कोणाचं खरं? तो परत येईल का?"

ताई,

तुमच्या वर्णनावरून तो नवरंग. मुलगा म्हणतो ते बरोबर आहे, आणि त्याचं म्हणणं अर्ध्यावर सोडू नका, पुढेही ऐका. हा साळुंकीहून लहान पक्षी हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघतो, आणि तोही रात्रीचा. त्यामुळे मे-जूनमध्ये मुंबईत कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत, जिन्यात असा थकलेला नवरंग सापडतो. त्याचं खरं घर म्हणजे झाडाखालची पालापाचोळ्याची जमीन. तिथे उड्या मारत तो किडे-गांडुळं टिपतो. तमिळमध्ये त्याला 'सहाचा पक्षी' म्हणतात, कारण तो सकाळ-संध्याकाळ त्या सुमाराला शीळ घालतो. तुमच्या घरामागच्या राष्ट्रीय उद्यानातही पावसाळ्यात ती शीळ ऐकू येते. कदाचित तो तिथवर पोहोचतच आला होता आणि वाटेत तुमची काच आली.

म्हणजे तो तुमच्यासाठी आला नव्हता. हे लिहिताना माझा हात अडखळला, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मावशींशी मात्र वाद घालू नका. त्यांनी बहीण गमावली आहे, त्यांना तो पक्षी तसा दिसला तर दिसू दे.

तुमच्यासाठी मला तो अर्थ नको वाटतो, त्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही एकदा एका पक्ष्याची वाट पाहिली आहे. दीड तास, उन्हात, पिंडाकडे डोळे लावून. आता नवरंगाला आई मानलंत तर दर जूनला काचेशी उभ्या राहाल. आणि एखाद्या वर्षी तो नाहीच आला, तर तोही न शिवलेला कावळा होईल.

त्या दीड तासाबद्दलही सांगते. कावळा माणसांच्या घोळक्याला बिचकतो, आणि जिथे रोज पिंड ठेवले जातात तिथे तो भुकेला असेलच असं नाही. म्हणून तर जुन्या लोकांनी दर्भाच्या कावळ्याची सोय ठेवली. माझ्या वडिलांच्या दहाव्याला पिंड ठेवून हात मागे घ्यायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मला त्यानंतर वर्षभर धड झोप नव्हती. मनातलं ओझं कावळ्याच्या चोचीने उचललं जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि 'जरा बस ना गं.' तुम्ही हे वाक्य आईची शेवटची इच्छा म्हणून जपून ठेवलंय. पण दाराशी चपला घालणाऱ्या लेकीला आया हेच म्हणतात, दर वेळी म्हणतात. तिला तरी कुठे ठाऊक होतं, की ही शेवटची संध्याकाळ आहे?

तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली ओळ पक्ष्याबद्दलची नाहीच. भांड्यांचा आवाज नको म्हणून तुम्ही बाईंना परत पाठवलंत, ती. त्या दिवशी तुमच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. त्या जिवाला तुम्ही कोण हे माहीतही नव्हतं. तरी तुम्ही सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत बसलात, गाडी, बँक, सगळं सोडून. आईचं त्याने फिटलं असं मी म्हणणार नाही, ते तसं फिटत नसतं. पण फेब्रुवारीपासून तुम्ही स्वतःला 'न बसलेली मुलगी' म्हणत आलात, आणि जूनमध्ये तुमच्या हातून जे घडलं ते त्या मुलीच्या हातून घडलं नसतं. त्या दिवसाचा अर्थ विचाराल तर मला तो इथे दिसतो.

तो परत येईल का? तोच, बहुधा नाही. दुसरा कुणी येऊ शकेल, म्हणून थोडं कामाचं सांगते. मे-जूनमध्ये रात्री बाल्कनीचा दिवा बंद ठेवा आणि काचेवर पडदा ओढा. पक्षी पडलेला दिसलाच तर भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडक्यावर ठेवून झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी घालू नका, तांदूळही नको, तो दाणे खाणारा नाही. काही तासांत सावरला नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्या. आणि घरात ठेवून घ्यायचा मोह टाळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते चालत नाही.

मुलाला एखाद्या सकाळी उद्यानात घेऊन जा, सहाच्या सुमाराला. शीळ त्यालाही ऐकू दे. 'गाडी चुकेल' ही गोष्ट तुम्ही त्याला अजून सांगितलेली नसावी, असं पत्रावरून वाटतं. चालता चालता सांगा.

आणि या रविवारी मावशींकडे जा. निघताना त्या "जरा बस ना" म्हणतीलच.