गोल्फरच्या हातात नेमके किती पैसे उरतात? (उत्तर जरा लांबलंय)

तुम्ही विचारलंय की टीव्हीवर जिंकणाऱ्याला 36 लाख डॉलर म्हणजे 30 कोटी मिळाल्याचं दाखवतात, टॅक्स जाऊन त्यातले खरे किती राहतात, आणि मुलगा 14 वर्षांचा आहे तर त्याला यात घालावा का. मी पुण्याचा, तीन सीझन पीजीटीआय म्हणजे आपला इंडियन टूर खेळलोय, आता शिकवतो. त्यामुळे वरच्या पातळीवरचा हिशेब वाचून-ऐकून आणि खालच्या पातळीवरचा स्वतःच्या खिशातून माहितीये.

पहिली गोष्ट म्हणजे तो आकडा पगार नाहीच, तो गल्ला आहे. पीजीए टूर म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात वरची गोल्फ स्पर्धांची मालिका, तिथला खेळाडू कुणाचा नोकर नसतो, स्वतःचं दुकान चालवतो. विमान, हॉटेल, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस), कोच, फिजिओ सगळं त्याच्याच खिशातून.

आपल्या ओळखीचंच उदाहरण घ्या. अनिर्बन लाहिरी, जन्म पुण्याचाच. मार्च 2022 मध्ये फ्लोरिडात प्लेयर्स चॅम्पियनशिपला एका शॉटने दुसरा आला, कॅमरन स्मिथ जिंकला. दुसऱ्या नंबरचे 21.8 लाख डॉलर, आपल्याकडे बातम्या आल्या साडेसोळा कोटींच्या. आता त्याचा खाजगी हिशेब मला कुठून माहीत असणार, पण तिथे कुणीही असता तरी ढोबळ गणित असं. कॅडीला आठवड्याचा ठरलेला पगार असतोच, वर कट (दोन राउंडनंतरची चाळणी) पार केला तर बक्षिसाच्या 5 टक्के, टॉप टेनला 7, जिंकलं तर 10 असा रिवाज आहे, म्हणजे इथे दीड लाख डॉलर कॅडीचे. उरलेल्यावर अमेरिकेचा फेडरल टॅक्स, वरचा स्लॅब 37 टक्के, त्यात मेडिकेअर (सरकारी आरोग्य विम्याचा टॅक्स) वगैरे धरून 40 च्या घरात. राहिले 12 लाख डॉलर. आणि हे फ्लोरिडा म्हणून, तिथे स्टेटचा इनकम टॅक्सच नाही. हेच पैसे कॅलिफोर्नियात मिळाले असते तर तिथला वरचा स्लॅब 13.3 टक्के, आणखी अडीच-एक लाख गेले असते, मग तुम्ही राहायला कुठेही असा, जिथे खेळलात तिथलं स्टेट आपला वाटा मागतं. याला ते लोक जॉक टॅक्स म्हणतात. आणि राहता ते स्टेट तर सगळ्याच कमाईवर टॅक्स लावतं. टेक्सासलाही फ्लोरिडासारखा स्टेट टॅक्स नाही, म्हणून अर्धे पीजीए प्रो फ्लोरिडा नाहीतर टेक्सासला का राहतात ते कळलं ना?

कॅलिफोर्नियात राहणारा अमेरिकन गोल्फर फिल मिकलसन, त्याचं तर हसू येतं. जानेवारी 2013 ला कॅलिफोर्नियाच्या टॅक्सवरून जाहीर कुरकुर केली, मग माफी मागितली, आणि त्याच जुलैत स्कॉटिश ओपन आणि ब्रिटिश ओपन लागोपाठ जिंकला, दोन्ही मिळून साधारण 22 लाख डॉलर. ब्रिटनचा 45 टक्के, वर घरचा कॅलिफोर्निया. पेपरात हिशेब आले की 60 टक्क्यांच्या आसपास टॅक्सातच गेले म्हणून.

पण खरं सांगू का, टॅक्सचं रडगाणं हे श्रीमंतांचं. टॅक्स लागतो म्हणजे नफा झालाय. गोल्फर मरतो तो शुक्रवारी.

म्हणजे कसं, स्पर्धा गुरुवार ते रविवार, दोन राउंडनंतर कट. पीजीए टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत पहिले 65 आणि त्यांच्याशी बरोबरी असलेले पुढे जातात, बाकीचे घरी, बक्षीस शून्य. खर्च मात्र पूर्ण झालेला. 2023 पासून त्यांनी पूर्ण कार्डवाल्यांना (म्हणजे टूरच्या पक्क्या सदस्यांना) वर्षाला 5 लाख डॉलरची हमी दिलीये, म्हणजे तेवढे जिंकले नाहीत तर फरक टूर भरून देणार. त्याच्या एक पायरी खाली कॉर्न फेरी टूर, तिथे एका स्पर्धेची एकूण रक्कम 10 लाख डॉलरच्या आसपास, विजेत्याला 1.8 लाख. विजेता सोडा, पन्नासावा आला तर विमान आणि हॉटेल सुटलं तरी पुष्कळ.

आता आपल्याकडे. पीजीटीआयची 1 कोटीची स्पर्धा म्हणजे चांगली धरतात, जिंकलात तर 15 लाख. मी कधी जिंकलो नाही. माझ्याकडे एक निळी वही आहे, दर आठवड्याचं एक पान, डावीकडे खर्च उजवीकडे कमाई. जमशेदपूरच्या पानावर पुणे ते टाटानगर आझाद हिंदचं तिकीट, विमान परवडत नव्हतं. गोल्फ बॅग बर्थखाली मावेना म्हणून रात्रभर पायाशी घेऊन झोपलो, टीसी विचारतो यात बंदूक आहे का. एंट्री फी, लॉज, जेवण, कॅडी, सरावाचे बॉल धरून त्या आठवड्याचे 46 हजार. शुक्रवारी शेवटच्या, अठराव्या होलला चार फुटांचा पट (बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका) होता, गेला असता तर कट पार. कडेला लागून बाहेर आला. उजवी बाजू कोरी. लॉजवाला रविवारपर्यंतचे घेऊन बसला होता, परत दिले नाहीत, आणि कॅडी बॅग पुसता पुसता विचारतो, सर, पुढच्या आठवड्याला येऊ ना? त्याला काय सांगणार, त्याचंही पोट त्याच पटवर.

तीन सीझनमध्ये उजवी बाजू डावीपेक्षा मोठी अशी पानं अकरा निघाली. बाकी घर चाललं ते आठवड्यातले चार दिवस लोकांना स्विंग शिकवून, आणि बायकोच्या नोकरीवर, हे लपवायचं कशाला.

मुलाचं म्हणाल तर घाला की, चांगला खेळ आहे, पण दहावी-बारावी सोडायला लावू नका आणि कर्ज काढून किट घेऊ नका, सेकंड हँड मिळतं. त्याचा हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) किती आहे आता? ते सांगा, मग पुढचं बोलू. वहीच्या एक-दोन पानांचा फोटो रात्री टाकतो.